वर धुकं होतं

इंदापूरच्या एसटी स्टँडवर प्रियदर्शनी बारामतीच्या गाडीची वाट पाहत होती. मागच्या बाकावर दोन म्हातारे बसले होते, आणि त्यांचा शब्द न् शब्द तिच्या कानावर पडत होता.

“गंगाराम, कुठं गेला व्हतास दोन दिस?”

“महाबळेश्वरला. वरकुट्याच्या सावळारामला घिऊन, मोटरसायकलवर.”

“त्याला तर दिसत न्हाय म्हणं.”

“थोडं दिसतं. पर डॉक्टर म्हणलं, हाय तेवढी नजरबी जाणार. मग मला म्हणला, त्याआधी एकदा डोंगर दाव.”

“दावलास?”

“फलटण, वाई करत घाट चढलो. वर कड्यावर त्याला कठड्याला धरून हुभा केला. समदं खोरं खाली पसरलेलं. लई येळ बघत राह्यला. मग म्हणला, ‘गंगा, धुकं पडलंय काय रं?’”

“व्हतं धुकं?”

“न्हाय. लख्ख ऊन व्हतं.”

प्रियदर्शनीचा फोन वाजला. तिनं तो न घेताच बंद केला.

“मग काय सांगितलंस?”

“व्हय म्हणलं. मलाबी काय दिसंना म्हणलं.”

“बरं केलंस.”

“कशाचं बरं. घाट उतरताना माझ्या खांद्यावर हात ठिवून म्हणला, ‘पाठ भाजली रं माझी. हितलं धुकं लई तापतंय.’”

“आन तू?”

“गाडी झाडाखाली लावली, माझा टावेल त्याच्या पाठीवर टाकला.”

“आता कसा हाय?”

“एकटाच बसतो वट्ट्यावर. मी रोज सांजच्याला जातो. पाण्याचं बोलतो, पिकाचं बोलतो. डोंगराचं नाव दोघंबी काढत न्हाय.”