गंगाक्काच्या उशीखालचे सात अर्ज

जमलेल्या आयाबायांनो, दादांनो, आणि वर खुर्च्यांवर बसलेल्या पावण्यांनो,

मला बोलायला उभं केलंय. बायकांतलं कुणीतरी हवं म्हणून केलं असणार. चामडं ओढून ओढून माझे हात राठ झालेत, आज त्यात हा कागद धरलाय. गंगाक्का जाऊन दहा दिवस झाले. तिला "होती" म्हणायला जीभ वळत नाही. म्हणून लिहून आणलंय. लिहायला तिनंच शिकवलं.

मी शेवंता. आमच्या गल्लीत घरोघरी चपला होतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पुरुष तळ कापतात, आम्ही बायका पट्ट्याला कातड्याची वेणी घालतो. पोरांची बोटं बारीक, म्हणून पोरंही वेणीला बसतात. शाळेत गेली तर त्यांना दाराजवळ बसवायचे. कपड्यांना कातड्याचा वास येतो म्हणे. मग एक दिवस दाराच्याही बाहेर. मग घरीच.

आत्ता ज्यांनी फोटोला हार घातला, ते त्याच शाळेचे हेडमास्तर. गुरुजी, आत्ताच खाली बघू नका. मी अजून सुरुवात केली नाही.

गंगाक्का गडहिंग्लजकडची. नवरा गेल्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाला एक खोली घेऊन राहिली. पापड लाटायची. सातवी पास. आमच्या पोरांना तिनं चुलीपुढं बसवलं, तेव्हा तिच्या नात्यागोत्यातल्यांनी तिच्या घरचं पाणी बंद केलं. ती म्हणाली, "बरं झालं. तेवढंच कमी भरायला लागंल."

आणि आम्ही? आम्ही काय कमी होतो? याच तोंडानं मी तिला विचारलं होतं, "अक्का, पोरीला शिकवून कलेक्टर करतीस काय? वेणी कोण घालणार?" ती म्हणाली, "वेणी हिकडंच घेऊन ये की. हात चालू देत. पाढं तोंडानं म्हणायचं असत्यात."

अशी तिची शाळा. हात वेणीत, तोंडात पाढा. पाटी कुणाकडं नव्हती. आमच्या घरातले कातड्याचे टाकाऊ तुकडे ती गोळा करायची आणि मला सांगायची, "शेवंता, असं असं टोच." मी आरीनं टोचायची. पोरं डोळे मिटून त्या भोकांवरनं बोट फिरवायची आणि अक्षर ओळखायची. महिनाभर मी नुसती टोचत होते. एक दिवस बाजारात दुकानाच्या पाटीकडं बघितलं आणि कळलं, हे तर मी टोचलेलं आहे. चाळिशी उलटल्यावर मला वाचता आलं, तेही चुकून.

सात पोरं चौथीच्या परीक्षेपर्यंत आणली तिनं. परीक्षेला बाहेरनं बसता येतं, पण अर्जावर शाळेच्या हेडमास्तरांची सही लागते. एक सही. अक्का तीनदा गेली. पहिल्यांदा "उद्या या." दुसऱ्यांदा "साहेब आले की बघू." तिसऱ्यांदा मी आणि माझी धाकटी सुमन बरोबर होतो. हेडमास्तर म्हणाले, "बाई, ती काय शाळा आहे? चूल आहे ती."

अक्का म्हणाली, "व्हय, चूल हाय. पण सात जण रोज येत्यात. तुमचा हजेरीपट काढा, ताडून बघू."

गुरुजींना ते झोंबलं. त्यांनी सुमनला पुढं ओढलं. "सांग, पाच आणि पाच किती?"

सुमन म्हणाली, "पाच जोड."

आमच्यात चपला सुट्या कोण मोजतं? पाच डाव्या, पाच उजव्या, झाले पाच जोड. पोरगी जन्मल्यापासनं तेच ऐकते. गुरुजी हसले. शिपायाला बोलावून परत विचारलं, तोही हसला. म्हणाले, "दहा म्हणता येत नाही, आणि परीक्षा द्यायची आहे." अर्ज टेबलावरनं परत सरकवले. तुमच्या बी.ए.ला जोड लावता येत नाही, त्यात माझ्या पोरीचा काय दोष, गुरुजी? पायात काय घालून आलाय आज? एकच आणलीय का?

वाटेत सुमन रडायला लागली. अक्का तिला म्हणाली, "तू बरोबरच सांगितलंस. पण त्यास्नी जोड कळत न्हाय. त्यास्नी सुट्टं सांगायचं." बस्स. शिवी नाही, शाप नाही. मला ते जमत नाही.

त्याच आठवड्यात तिला ताप चढला. आठ दिवस अंथरुणात होती. शेवटी मला जवळ बोलावून म्हणाली, "शेवंता, तारीख निघून जाईल गं." पोरांना सांभाळ म्हणाली नाही, माझ्यासाठी रडू नका म्हणाली नाही. तारीख. ती गेली तेव्हा अर्ज उशीखाली होते.

आणि आता इथं काय ऐकते मी? नगरसेवक म्हणाले, ती शिक्षणाची देवी होती. हेडमास्तर म्हणाले, तिचा फोटो शाळेत लावू. वा. पोरांना आत घेतलं नाही, फोटोला घेणार. फोटोला वास येत नाही ना. जितेपणी तीनदा उभी राहिली टेबलापुढं, तेव्हा बसायला स्टूल दिलं नाही. आता भिंत देताय.

फोटो ठेवा तुमच्याकडंच. उद्यापासनं चूल माझ्या घरात पेटेल. मला जेवढं येतं तेवढं मी शिकवीन, येत नाही ते सुमन शिकवेल. पण सही मला करता येत नाही. म्हणजे करता येते, चालत नाही.

शेवटची तारीख परवा आहे. हे ते सात अर्ज. पिशवीतनं आणलेत. गुरुजी, तुमच्यापुढं ठेवते.

आता सगळ्यांनी उभं राहायचं. अक्कासाठी गप्प राहायचं. दोन मिनिटं म्हणाले मघाशी. तसं घड्याळ लावायचं काही कारण नाही. सातवी सही होईस्तोवर कुणी बसायचं नाही, कुणी बोलायचं नाही.

सुमन, गुरुजींना पेन दे.