बांगडीआधी दोरा

— बोलू नका आत्याबाई, थर्मामीटर पडंल, जिभेखालीच धरा. न्हाई, चावायचं न्हाई, काच हाय ती! परवा परीक्षेला खरा पेशंट असणार, हात चालता ऱ्हावा म्हणून तर तुमाला खाटंवर निजवलं. हसू नका. पयल्या खेपंला मी नापास झाले तवा सारं चारठाणा हसलं, तेवढं बस. कुवेतात तीन वर्सं नर्सिंग शिकले, तिथल्या दवाखान्यात ड्यूटी केली, लढाई झाली तवा अंगावरच्या कपड्यानिशी आले — पर इथं ते शिकलेलं धरत न्हाईत, समोर करून दाखवा म्हणतेत. दाखवते की! मला काय येत न्हाई?

मग नापास का झालीस? — तोंड बंद हाय तरी डोळे इचारायलेत तुमचे. सलाईन लावायचं होतं. पेशंट राणीसावरगावची कडूबाई, मनगटभर हिरव्या बांगड्या. कुवेतची रीत अशी, आधी हात मोकळा करायचा, मग सुई. साबण लावून एकेक बांगडी उतरवली मी, लय हलक्या हातानं, एक बी वाढवली न्हाई — अन् शेवटची निघाली तशी बाई किंचाळली, "माजा मालक जित्ता हाय गं!" सारा वॉर्ड गोळा झाला. सवाशिणीचं मनगट रितं पडू नये म्हणून आधी दोरा बांधायचा, मग शेवटची काढायची, शेंबडी पोरगी सांगंल. अन् मी इसरले! परीक्षा घेणाऱ्या बाई म्हणल्या, "इथल्या बायकांचे हात विसरलात वाटतं परदेशात." लय गोड बोलल्या. अन् नापास केलं.

तर आज दोरा आधी. द्या हात. ओढू नका — मामंजी ओसरीवर धडधाकट बसलेत, खोकायलेत, ऐका! बांगडी निघाली म्हणून कुणाचा मालक मरत नसतो आत्याबाई. माज्या किती डाव फुटल्या — मनगट पिळून फोडल्या, काच रुतली, माजी मीच चिमट्यानं काढली — तुमचा ल्योक मार्तंड जित्ताच हाय की. वैशाखात कुवेतातनं न्यायला येणार हाय मला —

काई न्हाई. दारात हात सापडला होता, सांगितलं होतं ना मी. तेच ते वण.

थर्मामीटर का काढलात? ... व्हय. आता इचारलंच तर व्हय, त्यानंच. पास झाले तर जिंतूरच्या दवाखान्यात लागंन, मंग कोण नेतंय मला कुवेतला? नापास झाले तर कोणच्या तोंडानं ऱ्हाते म्हणू इथं? ... काय म्हणलात? पुरुषाची जात?

असं.

उठा. पाय खाली सोडा, सावकाश. बांगड्या ताटात हायत, घाला. न्हाई, राग न्हाई आला. मी उशीवर करते ऱ्हायलेलं — जावा, मामंजीला चहा पायजे असंल. अन् दार ओढून घ्या.