कोपऱ्यातली सळई

भांडण कुठलं भाऊजी, भांडण झालं असतं तर बरं होतं — बसा ना, ती खुर्ची डुगडुगते, पलंगावरच बसा — भांडणात निदान दोघं बोलतात. तुमच्या दादानं काय सांगितलं? हिनं ऑफिसचा राग घरी आणला, असंच ना? मग ते ऑफिसचं काय ते ऐकाच. अणुभट्टीत इंधनाच्या सळया जुडीनं उभ्या असतात, अगदी खेटून, आणि त्यांच्यामधून पाणी नाही, वितळलेलं सोडियम वाहतं — हो, धातूच, पण पाण्यासारखा पातळ — तेच उष्णता वाहून नेतं. कुठली सळई किती तापेल याचं गणित मी कॉम्प्युटरवर मांडायचे, आणि तुमचा दादा खालच्या हॉलमध्ये विजेवर तापवलेल्या नकली सळया लावून तेच मोजून बघायचा. लग्नसुद्धा त्यातूनच जमलं की आमचं! तर माझ्या गणितात एक कोपरा सारखा लाल यायचा — तिथं फट अरुंद, धार रेंगाळते, सळई नको तेवढी तापते. सगळे हसायचे, वहिनींचा कोपरा म्हणून. मी पुन्हा मांडलं, पुन्हा मांडलं, कोपरा हटेना. आणि एका संध्याकाळी हा घरी आला तो बूट न काढता थेट स्वयंपाकघरात — मला उचललं हो, या वयात! — म्हणाला, तूच खरी, माझ्याकडेही तो कोपरा तापला. मी रडले. हसा तुम्ही, पण आनंदानं रडले.

आणि बैठकीत? मी कोपरा दाखवला, साहेबांनी याच्याकडे बघितलं — फट वाढवायची म्हणजे सगळा आराखडा नव्यानं, वर्ष पाण्यात — आणि हा उठून म्हणतो, तिथला तापमापक बिघडला होता, ते मोजमाप मी धरलंच नाही. गणित म्हणे जरा घाबरट आहे! माझ्याकडे बघून नाही, टेबलाकडे बघून. खरंच चुकला असता ना, तर गिळलं असतं मी. पण त्याला माहीत होतं! केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तो विभागप्रमुख झाला, मला ग्रंथालयात बसवलं, आणि तो हुकूम निघाला त्याच रात्री विचारतो काय — माझ्या निळ्या शर्टाला इस्त्री झाली का? तेव्हा निघाले मी.

तुम्ही आलात ते बरं केलंत. खरं सांगू? कपाटामागं बॅग दिसतेय ना, ती भरलेली आहे. परत यायलाच. भट्टीचा आराखडा तपासायला बाहेरची समिती येतेय, मला बोलावलंय, पण म्हटलं जाऊ दे, आठवत नाही सांगू, शेवटी घर मोठं की — काय? काय म्हणालात? समितीपुढं मी काय बोलणार, हे विचारून यायला सांगितलंय त्यानं? आधी ते — आणि मग घरी चल?

…

नाही, चहा नाही ठेवत आता. उठा भाऊजी. तुमचा काही दोष नाही. त्याला सांगा, तापमापक धडधाकट होता असं सांगणार आहे — आणि मला ते कुणी सांगितलं, तेही. जाताना दार ओढून घ्या.