बांधावरचा भारा

सदुसष्ट साली भाईंदरच्या दवाखान्यात मी तापलेल्या बाळाला मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी मुर्धा गावच्या, वेगळ्या चुली असलेल्या दोघी जावा होत्या. धाकटीचा हात ओरबाडलेला होता.

“रंभा, मांजरीनं ओरबाडलं?” थोरलीनं विचारलं.

“न्हाय बाय, पिल्लानं. काल शेळ्यांसाठी मिठागराच्या बांधावरचं गवत कापलं, भारा घरी आणून सोडला, तं आत ठिपक्यांचं पिल्लू!”

“रानमांजरीचं? पाळायचं की!”

“दूध घेईना. बांधाकडं तोंड करून ओरडं. मंग पिल्लू भाऱ्यात ठेवलं नि भारा होता तिथंच नेऊन टाकला. गवत कापलेलं, आईस लपाया जागा कुठं हाय?”

“आणि शेळ्या?”

“उपाशी. नवरा म्हणाला, शेळ्यांपरीस मांजरीचा पुळका!”

“पण आई आली का?”

“सांजच्याला खाडीतल्या तिवरांच्या झाडीतनं आली, पाण्यावरनं चालल्यागत. भाऱ्यात शिरली, ती काय भायेर आली न्हाय.”

“मंग?”

“आज सकाळी हात घातला. गवत हाताला ऊबदार लागलं, पण आत कोनी न्हाय. वारा न्हवता, तरी पुढचं न कापलेलं गवत हाललं. तिथं आता कोयता न्हाय लावायचा.”

माझा नंबर आला.

“बाळाला माझ्याकडे द्या, तुम्ही केसपेपर काढा,” नर्स म्हणाली.

“राहू दे,” म्हणत मी त्याला घेऊनच उठले.