उघड्या कार्डावरचे कुंकू

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार, खंडेनवमी. सकाळी सात वाजून वीस मिनिटे. मी सांगतो, तुम्ही तिथून लिहा. पण आधी मी कोण ते लिहा, नाहीतर पुढचे कळणार नाही.

मी निघोज्याचा. वडील शेती करत. मी आयटीआय करून पिंपरीतल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो आणि चौतीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झालो. आता वय एकाहत्तर. मुलगा विलास चाकणला कंपनीत शिफ्टवर जातो. सून मनीषा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली. चिखलीत गाळा घेऊन ती सुटे भाग बनवून देते. मशीन एकच. त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत साठ नग जायचे होते. गेले तर वर्षभराचे काम तिच्याकडे, न गेले तर दुसऱ्याकडे. हे मला माहीत होते. माहीत असूनही जे केले, ते सांगतो.

काय सांगू तुम्हाला, आमच्या कारखान्यात खंडेनवमीला एकेक पॅनेल उघडत, सर्वांत जुना इलेक्ट्रिशियन आत ओल्या कुंकवाची पाच बोटे उमटवी, कलशातले पाणी शिंपडी आणि मग मेन स्विच टाकी. शेवटची बारा वर्षे तो मीच. कधी काही झाले नाही. आत तांब्याच्या जाड पट्ट्या, चिनी मातीचे फ्यूज, बेकलाइटचे स्विच. वीज वाहणारे आणि न वाहणारे यांची गल्लत होणे अवघड.

नवीन लागलेल्या माणसांना मी शेतातले सांगून समजावत असे. तांबे म्हणजे पाट, पाणी सोडले की जाणारच. चिनी माती, रबर, बेकलाइट म्हणजे बांध, अडवणारच. पण बांधही भिजला, मळला की झिरपतो. तिसरा प्रकार सिलिकॉन. तो पाटही नाही आणि बांधही नाही. शेतकरी दारे धरतो, म्हणजे खोऱ्याने चार ढेकळे इकडची तिकडे करतो आणि पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळते, सिलिकॉनचे तसे. किंचितशा इशाऱ्यावर वाहतो, इशारा गेला की थांबतो, म्हणून तर आजच्या मोटरचा वेग त्याच्या हाती दिलेला. पण इशारा इतका बारीक असतो, की भलत्या ठिकाणाहून थोडी वीज झिरपली तरी तो तिलाच हुकूम समजतो. हे सर्व मला पाठ होते. डोक्याला पाठ होते, हाताला नव्हते.

मनीषाने आदल्या दिवशी मशीन पुसले होते. पॅनेलमधली मोटरचा वेग ठरवणारी पेटी, तिला ड्राइव्ह म्हणतात, तिचे झाकण काढून आतल्या सर्किटच्या कार्डावरची धूळ उडवली होती आणि पूजा झाल्यावर लावू म्हणून झाकण बाजूला ठेवले होते. पूजेला विलासही रजा टाकून आला होता. मनीषा नारळ धुवायला मागच्या नळावर गेली. मी पॅनेल उघडले आणि सवयीने पाच बोटे उमटवली. दोन पत्र्यावर पडली, तीन त्या उघड्या कार्डावर. पाणी शिंपडले. मेन स्विचला हात घातला.

तात्या, हात काढा. मनीषा दारात उभी होती. आवाज मोठा नव्हता, पण मी हात काढला. मग मला राग आला. म्हणालो, जल्म गेला माझा यात, एक फ्यूज उडाला न्हाई. ती म्हणाली, तेव्हा आत फ्यूज होते, तात्या, आता आत कार्ड आहे. विलास म्हणाला, अगं, साडेसातचा मुहूर्त चाललाय, तात्या म्हणतात तर होऊ दे. ती त्याला म्हणाली, मुहूर्त परत मिळेल, कार्ड यायला तीन आठवडे लागतात, तोवर मशीन तुम्ही हाताने फिरवणार का?

मी हट्टी माणूस. पिशवीतून माझा जुना मेगर काढला. विजेचा मोठा दाब देऊन बांध पक्का आहे की नाही ते पाहायचे यंत्र. तिने त्यावर तळहात ठेवला. पाचशे व्होल्ट? अहो तात्या, कुंकवातून वाचलेलं कार्ड तुमच्या मेगरनं मरेल. तिने साधा मल्टिमीटर घेतला आणि कुंकू लागलेल्या दोन पिनांवर टेकवला. त्या दोन पिनांमध्ये काहीही वाहायला नको. आकडा आला, म्हणजे वीज झिरपत होती. तिने मीटर माझ्यापुढे धरला. मी वाचला.

चूक माझी, मी म्हणालो. चौतीस वर्षांच्या नोकरीत हे दोन शब्द मी कोणापुढे उच्चारले नव्हते. विलास बघतच राहिला. त्याला म्हटले, बघतोस काय, स्पिरिट आण.

मऊ ब्रशने एकेक पीन मीच धुतली. मनीषाने बॅटरी धरली. शेजारच्या ब्यूटी पार्लरमधून केस वाळवायचे यंत्र मागायला गेलो, तर ती बाई म्हणाली, तात्या, तुमच्या डोक्यावर वाळवायचं काय राहिलंय? यंत्र घेऊन मी परत आलो. गरम झोत नको, थंडच ठेवा, असे मनीषाने मला दोनदा बजावले. दोन्ही वेळा मी बरं म्हणालो. पुन्हा मीटर टेकवला. आकडा नाही. झाकण बसवले.

ती म्हणाली, तात्या, आता टाका मेन. मी म्हणालो, न्हाई, तू टाक. वडीलधारे तुम्ही आहात, ती म्हणाली. म्हणून तर सांगतोय, टाक. नऊ वाजून पाच मिनिटांनी तिने स्विच टाकला. मोटर फिरली. पावणेपाचला साठ नग टेम्पोत चढले.

मनीषा पाया पडली. सुखी राहा, म्हणालो. याहून जास्त मला बोलता येत नाही. पुढच्या वर्षी कुंकू पॅनेलच्या बाहेरून, कोरडे, आणि तिच्या हाताने. मला त्याचे वाईट वाटत नाही. उलट बरे वाटते, हेही लिहा.

निघण्याआधी गाळ्यामागे गेलो. अर्थिंगच्या खड्ड्याचे झाकण उचलले. माती कोरडी पडली होती; गळकी वीज जमिनीत उतरायला ती ओली लागते. दोन बादल्या पाणी ओतले, मुरू दिले, झाकण लावले.