पहिलं करडू शेजारच्या घरी

आमचं मूळ गाव शेंद्र्याच्या अंगाला, आता तिथं कंपन्याच कंपन्या झाल्यात, पण माझ्या लहानपणी नुसता माळ व्हता आन् त्या माळावर माझा बाप शेरडं राखायचा, सोताची नाय, लोकांची, अर्धलीनं. अर्धली म्हंजे काय सांगू तुम्हाला ताई, शेळी मालकाची, राखायची आपण, करडं झाली की निम्मी त्याची निम्मी आपली, आन् पहिलं करडू मात्र मालकाच्याच दारी जायचं, ही रीत. मी लई रडायचो, कारण ते पहिलं करडू माझ्याच कुशीत निजलेलं असायचं. बाप म्हणायचा, अरे येड्या, पहिलं सोडल्याबिगर दुसरं आपलं होत नस्तं.

आज्याच्या वेळेपासून आम्ही ख्रिस्ती. मी चिकलठाण्याला कंपनीत वेल्डर हाय, ठिणग्यांसमोर उभं ऱ्हायचं काम, बोलायचं काम नाय, आन् घरातबी मी तसाच. माझी बायको शांता म्हणती, या माणसाकडून शब्द काढणं म्हंजे आटलेल्या बोअरला मोटार लावणं. पण वर्षातून एक दिवस माझं तोंड सुटतं, तो म्हंजे चर्चमधला हंगामाचा सण, सुगीबद्दल देवाचे आभार मानायचा. उपासना झाली की लोकांनी आणलेलं सगळं टेबलावर मांडत्यात, भोपळा, तुरीच्या शेंगा, लोणच्याची बरणी, कोंबडा, आन् लिलाव पुकारतो मी, यशवंत! आन् आमच्यात गंमत अशी की बोली जिंकणारा वस्तू घरी नेतच नाय, दान पेटीत टाकतो आन् वस्तू परत टेबलावर, की पुन्हा बोली सुरू. एक कोंबडा तर इतक्यांदा विकला गेला की आमचे दाविदमामा, गुलमंडीत कापडाच्या दुकानात असत्यात ते, मोठ्यानं म्हणाले, आता याला कापू नका रे, हा मिशनरी झाला!

हे सगळं दान जायचं आफ्रिकेत, मलावीला. तिथं आमच्या चर्चच्या मंडळीच्या मदतीवर मिशनचं काम चालतं, दवाखाना हाय, विहीर खणली, आन् गरिबाच्या घरी एक एक शेळी देत्यात, अट एकच, तिचं पहिलं करडू शेजारच्या घरी द्यायचं. पाळकसाहेबांनी हे पहिल्यांदा सांगितलं तवा मी मागच्या बाकावर खुदकन हसलो, म्हणलं आयला, ही तर माझ्या बापाची अर्धली, समुद्रापार कधी गेली! मंग मी आणखी जोरात वरडायला लागलो, द्या, द्या, तिकडच्या लेकरांसाठी द्या. पण खरं सांगू का, तिकडं म्हंजे कुठं, कोण माणसं, याचा इचार म्या कधी केला नाय. भोपळा द्यायचा व्हता तवर सोपं व्हतं.

मंग माझ्याच घरात इशय आला. माझी राहेल, एकुलती एक, जनावरांच्या दवापाण्याचा कोर्स केलेली, शेळ्यांच्या अंगावर नुसता हात फिरवून ताप सांगती. तिकडं मलावीत मिशनला शेळ्यांचं कळणारं माणूस पाहिजे व्हतं. ती म्हणली, पप्पा, जाऊ का? मी डबा उचलला आन् ड्यूटीला निघून गेलो.

आता जे शांतालाबी सांगितलं नव्हतं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप पाळकसाहेबांकडं गेलो आन् म्हणलो, साहेब, राहेलचं नाव पुढं पाठवू नका, दुसऱ्या कुणाची तरी पोरगी बघा. दुसऱ्या कुणाची तरी! कसा शब्द निघला माझ्या तोंडातून, ताई. पाळकसाहेब म्हणाले, यशवंतराव, हे तुम्ही तिला सोता सांगा, सणाच्या दिवशी मला मंडळीपुढं नाव सांगायचंय. मी काय सांगितलं नाय. रोज ती जेवायला वाढायची, रोज मी ताटाकडं बघायचो.

सण आला. आन् राहेलनं टेबलावर काय आणावं, तर तिच्या काळ्या शेळीचं पहिलं करडू! मी त्याला उचललं तर ते असं बोंबलायला लागलं की माईक नको. दाविदमामा बोली लावतात, रुथमावशी वर चढवतात, पुन्हा मामा, पुन्हा मावशी, सगळं चर्च पेटलेलं, आन् मधीच मावशी म्हणल्या, आरं यशवंता, आईपासनं तुटलंय लेकरू, परक्या घरी जगंल का? आन् मी सवयीनं ठोकून दिलं, जगंल म्हंजे काय मावशी, आईनं चारा ओळखायला शिकवलंय त्याला, आता कुठंबी चरंल!

लोक हसले. पुढच्या बाकावर राहेल हसली नाय. नुसती माझ्याकडं बघत व्हती.

मंग ताई, जे कधी घरात बोललो नाय ते माईकवर बोललो. म्हणलं, मंडळी, मी तुम्हाला इतकी वर्षं द्या द्या म्हणतोय आन् माझं द्यायची येळ आली तवा मी पाळकसाहेबांच्या दारात जाऊन दुसऱ्याचं मागून आलो. राहेल, तुला न इचारता मी नाय म्हणून आलो, मला माफ कर. तर ती काय म्हणली म्हाईत हाय? पप्पा, आधी ते करडू खाली ठेवा, गळा आवळताय त्याचा.

असं हसू फुटलं लोकांत! मीबी हसत व्हतो आन् डोळं वाहत व्हतं, आन् तोंडातून आपोआप निघलं, राहेल, एक वार... दोन वार... आन् पुढचं येईच ना. तर बायांच्या बाजूनं आमची शांता, पदरानं डोळं पुसत, आवो तीन वार म्हणा की, घसा बसला का! तवा मी असा वरडलो, तीन वार, की भिंतीवरच्या पाली पळाल्या असतील. ढोलकी वाजली, टाळ्या वाजल्या, करडू टेबलाखाली जाऊन कुणाची तरी मेथी खात व्हतं.

आज सकाळीच मलावीहून व्हिडिओ कॉल आला तिचा, म्हणून तर माझं तोंड थांबंना झालंय! तिथल्या एका बाईच्या शेळीचं पहिलं करडू शेजारणीला द्यायचं व्हतं आन् त्या बाईची बारकी पोर करडाला मिठी मारून रडत व्हती, सोडंच ना. मी इकडून फोनमधी मराठीतच वरडलो, रडू नको गं बाय, पहिलं सोडल्याबिगर दुसरं आपलं होत नस्तं! राहेलनं तिला तिच्या भाषेत सांगितलं. पोरीनं फोनकडं बघितलं, म्हणली असंल हे कोण म्हातारं वरडतंय, आन् मंग सोताच उठून करडू घेऊन शेजारणीच्या दारात गेली. मी इथं स्वयंपाकघरात टाळ्या वाजवत उभा, शांता म्हणती येडे झाले हे.

घर सुनं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण मुकं नाय ऱ्हायलं. प्रभू तुमचं भलं करो, ताई, तुमच्या लेकराबाळांचंबी. सणाला या बरं का, रिकाम्या हातानं येऊ नका, आन् काय घेतलं तर परत टेबलावर ठेवायचं.