खांद्यावरची कुऱ्हाड

हसू नका, सांगतो. एटापल्लीत मी नवाच मास्तर होतो. शाळेतून आलो, तं एक माडिया आदिवासी माणूस माह्या घरातून मीठ घेऊन निघून राह्यला होता. मी धावतच पोलीस चौकीत गेलो.

हवालदार म्हणे, "गुरुजी, साधी चोरी लिहू का जबरी? हत्यार होतं?"

"कुऱ्हाड होती!"

"उगारली काय?"

मी तावातावात म्हटलं, "हो."

त्या माणसाले, म्हंजे चैतूभाऊले, आत टाकलं. घरी येऊन पाहतो, तं मिठाच्या मडक्यापाशी पानाच्या द्रोणात चारोळी. मिठाचा बदला ठेवून गेला होता. आन् कुऱ्हाड त्यानं उगारलीच नव्हती; ते तं तिथी सगळ्यांच्याच खांद्यावर असते.

मी जबाब बदलला, तो सुटला. पुढच्या खेपेला कुऱ्हाड दूर मोहाच्या झाडाखाली ठेवून आला. दारातूनच दोन्ही हात दाखवत म्हणे, "रिकामे हायेत, गुरुजी. येऊ काय?"